नोकरीच्या कागदावरील लग्नाची अट



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला जो विषय दिला, तो 'स्त्रियांचे नेतृत्व आणि समानता' असा आहे. विषय मोठा भारदस्त आहे. इतका की त्यावर तासभर बोलूनही कोणाच्या केसाला धक्का लागू नये. जिजाबाईंपासून प्रारंभ करावा, अहिल्याबाई, सावित्रीबाई असे मुक्काम घेत घेत आजच्या काळापर्यंत यावे, दोन टाळ्या घ्याव्यात आणि वक्त्याने व श्रोत्यांनी समाधानाने घरी जावे, अशी या विषयाची वहिवाटच पडून गेली आहे. चिटणीसांची क्षमा मागून मी आज ती वहिवाट सोडणार आहे. मी फक्त एका वाक्याविषयी बोलणार आहे. ते वाक्य नेमणुकीच्या कागदावर छापलेले असे. त्याचा आशय एवढाच की, उमेदवार स्त्रीने विवाह केल्यास तिची नोकरी संपुष्टात येईल.

आज येथे बसलेल्या तरुण मुलींना हे वाक्य पुराणातले वाटेल. परंतु ते कंपनीच्या खात्यात होते, परराष्ट्र सेवेच्या नियमांत होते, विमानात होते आणि लष्करी रुग्णालयातही होते. एका परिचारिकेच्या बाबतीत त्याचा शेवटचा निकाल लागला तो २०२४ साली. तेव्हा हे पुराण फार जुने नव्हे.

प्रथम हे वाक्य आले कोठून, ते पाहू. नोकरी करणाऱ्या स्त्रीविषयी आपल्या समाजाची जी पहिली कल्पना होती, तिचा याच्याशी जवळचा संबंध आहे. शेतात राबणारी, मोळी विकणारी, गिरणीत जाणारी बाई आपल्याकडे सदैव होतीच. तिच्या कामाला कोणी नोकरी म्हटले नाही आणि तिला कोणी अडवलेही नाही. पांढरपेशा घरांतली पहिली मिळवती बाई मात्र बहुधा विधवा होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तोही विधवांसाठी. कुमारिकांसाठी महिला विद्यालय निघावयास १९०७ साल उजाडले. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तेथून कितीतरी बायका शिक्षिका व परिचारिका होऊन बाहेर पडल्या. या माणसांनी केलेले काम डोंगराएवढे आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. समाजाने हे काम चालू दिले, ते एका समजुतीवर. जिला पुरुषाचा आधार उरला नाही, तिने चार पैसे मिळवले तर बिघडत नाही, अशी ती समजूत. म्हणजे नोकरी हा कपाळीच्या कुंकवाचा पर्याय ठरला. एकदा हे मान्य केले की दुसरी बाजू आपोआप येते. ज्या दिवशी कुंकू लागेल, त्या दिवशी नोकरीचे प्रयोजन संपले! कंपन्यांनी आणि सरकारने पुढे जो नियम केला, तो याच समजुतीची इंग्रजीत केलेली नक्कल होती.

आता नियमाकडे येऊ. मुंबईत औषधांच्या एका कंपनीच्या खात्यात, जेथे बाटल्या भरणे, लेबले लावणे, खोकी बांधणे अशी कामे चालत, तेथे कामगार स्त्रिया होत्या. लग्न झाले की त्यांनी राजीनामा दिला पाहिजे, असा कंपनीचा नियम होता. बॉम्बे लेबर युनियनने या नियमास हरकत घेतली. औद्योगिक न्यायाधिकरणाने कंपनीचे म्हणणे उचलून धरले. युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६५ साली निकाल झाला. 'बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस' या नावाने तो ओळखला जातो. वकीलमंडळींखेरीज त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. मला मात्र तो आपल्या कामगार चळवळीतील एक सोन्याचा तुकडा वाटतो.

कंपनीचे म्हणणे वरवर पाहता रास्त वाटावे असेच होते. कामगार तुकड्यांनी काम करतात, एक गैरहजर राहिली तर सगळ्या तुकडीचे काम खोळंबते आणि विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात, असे ती म्हणत होती. न्यायालयाने यावर जो विचार केला, तो साध्या संसारी माणसालाही समजावा असा आहे. विवाहित स्त्रिया अविवाहितांपेक्षा किंवा विधवांपेक्षा अधिक गैरहजर राहतातच, याला पुरावा काय? मुलांमुळे खाडे होतात असे म्हणावे, तर मुले असलेल्या विधवेचेही तितकेच खाडे होतील. मग तिला कामावर ठेवता आणि सवाष्णीला का काढता? उरला फरक तो फक्त बाळंतपणाच्या रजेचा. त्यासाठी थोडी बदली माणसे राखून ठेवणे ही कंपनीला काही अशक्य गोष्ट नव्हे. एवढे सांगून न्यायालयाने तो नियम रद्द करविला.

विधवेचे उदाहरण न्यायालयाला द्यावे लागले, याकडे मी आपले मुद्दाम लक्ष वेधते. आपल्या समाजाने सत्तर वर्षांपूर्वी जी सवलत दिली होती, तिच्यातली विसंगती तेथे उघडी पडली. बाळ तेच, ताप तोच, घर तेच. नवरा असला तर बाई अकार्यक्षम आणि नसला तर कार्यक्षम! मुंबईच्या गिरण्यांतून आणि कारखान्यांतून बायका पिढ्यान्‌पिढ्या संसार सांभाळून राबत आल्या. पाळणाघर नव्हते तेव्हा तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजवून त्या पाळीवर जात, हे त्या काळच्या चौकशी अहवालांत नमूद आहे. तेव्हा कार्यक्षमतेचा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

ही झाली बाटल्यांना लेबले लावणाऱ्या बायकांची गोष्ट. आता त्याच काळी वरच्या माडीवर काय चालले होते तेही पाहू, कारण नेतृत्व म्हणून आपण ज्याला म्हणतो, ते तेथे घडत असते.

स्वातंत्र्यानंतर अवघ्या एका वर्षाने, १९४८ साली, कूर्गची एक मुलगी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यशस्वी झाली. तिचे नाव सी. बी. मुथम्मा. १९४९ साली परराष्ट्र सेवेत शिरणारी ती पहिली भारतीय स्त्री. मुलाखतीच्या वेळी मंडळाने तिला या सेवेपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. तरीही ती बधली नाही, तेव्हा तिच्याकडून लिहून घेण्यात आले की, विवाह केल्यास राजीनामा देईन. पाठोपाठ १९५१ साली केरळच्या अण्णा राजम जॉर्ज प्रशासकीय सेवेत आल्या. त्याही त्या सेवेतल्या पहिल्याच. त्यांनाही मंडळाने सांगितले की, बायकांना दुसरी खाती अधिक सोयीची. त्यांनी मद्रास प्रांत मागून घेतला. त्यांच्याही नेमणूकपत्रावर लग्नाचे ते वाक्य होते. मद्रासचे मुख्यमंत्री त्या वेळी राजाजी होते. जिल्ह्याच्या कारभारापेक्षा सचिवालयातली खुर्ची बाईला बरी, असे राजाजींसारख्या चतुर पुरुषालाही वाटत होते. या बाई हट्टाला पेटल्या आणि होसूरला सबकलेक्टर म्हणून गेल्या. घोड्यावर बसणे, बंदूक चालवणे हे शिक्षण इतरांबरोबर आपलेही झाले आहे, मग मी टेबलामागे का बसावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

या अण्णा राजमबाईंचा आपल्याशी एक ऋणानुबंध आहे. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. उरणच्या खाडीकाठी, चिखलातून उभ्या राहिलेल्या त्या बंदराच्या उभारणीच्या काळात बंदर विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी याच बाई होत्या आणि त्याच साली त्यांना पद्मभूषण मिळाले. लग्नाचा नियम पुढे बदलला आणि अनेक वर्षांनी त्यांचा आर. एन. मल्होत्रा यांच्याशी विवाह झाला. हे मल्होत्रा १९८५ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. माझ्या मनात नेहमी येते, पंचविशीतल्या या मुलीने सरकारचा कागद वाचून त्याच वर्षी संसार पत्करला असता, तर तिची निष्ठा कमी ठरली असती काय? सरकारने मात्र बंदर बांधणारा एक माणूस गमावला असता, आणि गमावला हे त्याला कधी कळलेही नसते. अशा किती जणी गेल्या, याची नोंद कोठल्याच दप्तरात नाही. ज्या आल्या आणि लढल्या, त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक आहेत.

मुथम्माबाईंची कहाणी अधिक तिखट आहे. १९७० साली त्या हंगेरीत राजदूत झाल्या. नेहमीच्या बढतीने राजदूत झालेली ती पहिली भारतीय स्त्री. पुढे घानातही गेल्या. त्यांनी लग्न केले नाही. म्हणजे सरकारची अट त्यांनी अक्षरशः पाळली. तरीसुद्धा वरच्या श्रेणीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलण्यात आले. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लग्न केले तर संसारामुळे बाई निरुपयोगी, आणि लग्न केले नाही तर? तरीही बाई ती बाईच! अट पाळल्याने भेदभाव टळत नाही, हे त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीने सिद्ध केले.

बाई थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९६१ सालच्या सेवानियमांत दोन कलमे होती. एका कलमाप्रमाणे स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावयाची, आणि लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असे सरकारला वाटले, तर तिने राजीनामा द्यावयाचा. दुसऱ्या कलमाप्रमाणे विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणूक मिळण्याचा हक्कच नव्हता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये निकालपत्र लिहिले. त्यांचा प्रश्न सरळ होता. घरची जबाबदारी स्त्रीच्या कामाच्या आड येत असेल, तर ती पुरुषाच्या आड का येऊ नये? प्रकरण न्यायालयात असतानाच सरकारने बाईंना बढती देऊन टाकली होती आणि नियम काढून टाकतो असेही सांगितले. त्यामुळे अर्ज तांत्रिक दृष्ट्या निकालात निघाला. परंतु बाईंच्या ज्येष्ठतेचा फेरविचार करावा, असे न्यायालयाने सरकारला बजावले. त्यानंतर त्या नेदरलँड्समध्ये राजदूत म्हणून गेल्या.

हे खूळ आपल्यापुरतेच होते असे समजू नका. ब्रिटनमध्ये अंतर्गत सरकारी नोकरांवरील ही बंदी १९४६ साली उठली, पण त्यांच्या परराष्ट्र खात्यात ती १९७३ पर्यंत टिकली. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने ती १९६६ साली काढली आणि आयर्लंडने १९७३ साली. म्हणजे मुंबईच्या लेबले लावणाऱ्या बायका या बाबतीत काही साहेबांच्या पुढे होत्या. याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. मात्र फार वेळ नको, कारण पुढची गोष्ट तितकीशी अभिमानाची नाही.

एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना निवृत्तीचे वय होते पस्तीस. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असेल, तर ते वाढत वाढत पंचेचाळीसपर्यंत जाई. त्याच विमानात, बहुतांशी तेच काम करणारे पुरुष अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत राहत. शिवाय नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न झाले तर नोकरी गेली, आणि पहिले गरोदरपण आले तरी गेली. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांचा खटला १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. गरोदरपणाचे कलम न्यायालयाने कडक शब्दांत रद्द केले. संचालकांच्या मर्जीचा अधिकारही काढला. परंतु चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र त्याने योग्य ठरवली! त्यामुळे मुलींचे लग्न प्रौढ वयात होईल, प्रकृती सुधारेल, कुटुंबनियोजनाला मदत होईल आणि कंपनीचा शिक्षणावरील खर्चही वाया जाणार नाही, अशी कारणे निकालात आहेत. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून मला म्हणावेसे वाटते की, ही कारणे एखाद्या काकांनी पुतणीला सांगावीत तशी आहेत. कुटुंबनियोजन हे राष्ट्राचे कार्य असेल, तर ते विमानातल्या मुलींच्याच शिरावर का? सोळा वर्षांपूर्वी खोकी बांधणाऱ्या बायकांना जे मिळाले, ते आकाशात उडणाऱ्यांना पूर्ण मिळाले नाही.

आता ज्या परिचारिकेचा मी आरंभी उल्लेख केला, तिच्याकडे येते. सेलिना जॉन या लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी होत्या. त्यांनी लष्करातल्याच एका अधिकाऱ्याशी विवाह केला आणि १९८८ साली त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आले. आधारासाठी १९७७ सालची एक लष्करी सूचना होती. ती १९९५ साली मागे घेण्यात आली. परंतु बाईंची नोकरी त्याआधीच गेलेली. त्या लढत राहिल्या. २०१६ साली सैन्यदल न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, सरकार वर गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लग्न केले म्हणून स्त्रीला कामावरून काढणारा नियम मुळातच मनमानीचा आहे. साठ लाख रुपये भरपाई द्यावयास सांगितली. हिशेब करा: छत्तीस वर्षे! नोकरीवरून काढलेली तरुणी पैसे हाती पडेपर्यंत निवृत्तीच्या वयापलीकडे गेली. आणि पुन्हा तीच मौज. तिने ज्याच्याशी लग्न केले तोही लष्करातच होता. लग्नाने त्याची नोकरी गेली नाही.

कोणी म्हणेल, बाई, हे सारे नोकरीचे झाले. आपला विषय नेतृत्वाचा होता. मी विषय सोडलेला नाही. नेतृत्व हे काही पन्नाशीत अचानक देण्याचे पदक नव्हे. पन्नाशीत जी खुर्चीवर बसावयाची, ती तिशीत नोकरीत टिकलेली असली पाहिजे. लग्नाची अट नेमकी तिशीच्या आतच कात्री चालवीत होती. वरची जागा रिकामी झाली की मंडळी चारी दिशांना पाहून म्हणत, लायक बाई सापडत नाही. सापडणार कशी? शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच ती उतरवली होती.

याचा उत्तम पुरावा सैन्यातच मिळतो. स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन आणि तुकडीचे अधिपत्य द्यावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२० मध्ये निकाली निघाला. सरकारची बाजू मांडताना जी कारणे पुढे आली, त्यांत एक होते बाळंतपण, मुले आणि घरच्या जबाबदाऱ्या. आणि दुसरे असे की, जवान बहुतांशी खेड्यांतून आलेले असतात, बाईचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची तयारी नसते. न्यायालयाने दोन्ही कारणे फेटाळली. पहिले कारण आपल्या ओळखीचे आहे. ते १९६५ सालच्या औषध कंपनीचेच, फक्त खाकी कपड्यातले. दुसरे अधिक चमत्कारिक आहे. खेड्यातल्या मुलाला लहानपणापासून हुकूम कोण करते? आई, आजी, थोरली बहीण! पहाटे उठवण्यापासून रात्री निजवण्यापर्यंत तो बायकांच्याच आज्ञेत वाढतो. पुढे खडकवासल्याची प्रबोधिनी २०२२ साली मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडली. त्या दिवशी कोणाच्या पायातला ताल चुकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता सार्वजनिक जीवनाकडे वळू. तेथे मोठी गंमत आहे. कचेरीत लग्नामुळे बाईची खुर्ची जाते. गावात लग्नामुळेच तिला खुर्ची मिळते, आणि मग सही जाते. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. जागा राखीव झाली की कोणाची बायको, कोणाची सून उभी करावी याची गावात बैठक बसते. निवडून आल्यावर ग्रामपंचायतीत खुर्ची तिची आणि आवाज 'सरपंचपतीं'चा. हा शब्द घटनेत नाही, कायद्यात नाही. गावाने तो परस्पर तयार केला. असे असूनही हजारो बायका हळूहळू ते दप्तर स्वतः उघडू लागल्या, हिशेब विचारू लागल्या, पाण्याची योजना का रखडली म्हणून तालुक्याला जाऊ लागल्या. दुसऱ्या वेळेस निवडून आलेली बाई पहिल्या वेळची राहत नाही, हे ज्यांनी तिला पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

पण ती स्वतःच्या पायावर उभी राहिली की काय होते, तेही ऐका. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावात २०२१ साली एक बाई सरपंच म्हणून निवडून आल्या. काही गावकऱ्यांनी तक्रार केली की, त्या सासूबरोबर सरकारी जागेवरील घरात राहतात, तेव्हा त्या अपात्र आहेत. बाईंचे म्हणणे होते की, मी नवऱ्यामुलांसह भाड्याच्या घरात वेगळी राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केले आणि उच्च न्यायालयातही त्यांना यश आले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पदावर परत बसवले आणि स्पष्ट म्हटले की, बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही. सासूच्या घराचा ठपका सुनेवर! बाईला कोणत्या ना कोणत्या नात्याच्या खुंटीला टांगल्याशिवाय आपल्याला तिचा विचारच करता येत नाही. एखादा पुरुष सरपंच सासरी राहतो म्हणून अपात्र ठरल्याचे आपण ऐकले आहे काय?

विधिमंडळांत आणि लोकसभेत एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ साली संमत झाली. तीत एक अट घातली गेली: आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग जागा. बायकांच्या कागदावर अट घालण्याची सवय जुनीच आहे, एवढेच म्हणते आणि पुढे जाते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा इतिहास उकरला, ती गोष्ट. ते वाक्य आज नेमणुकीच्या कागदावर छापलेले सापडणार नाही. छापण्याची कोणाची छाती नाही. परंतु ते नाहीसे झालेले नाही. कागदावरून उठून ते मुलाखत घेणाऱ्याच्या तोंडी जाऊन बसले आहे. 'लग्नाचे काय ठरले आहे?' 'नुकतेच झाले? मग पुढचा विचार काय?' 'सासरच्यांना चालेल ना?' हे प्रश्न कोणत्या मुलीला विचारले जात नाहीत? आपल्यापैकी पुष्कळ जण शाळांच्या, पतसंस्थांच्या, सहकारी बँकांच्या निवडसमित्यांवर बसतात. ही माणसे दुष्ट नाहीत. संध्याकाळी याच व्याख्यानाला येऊन बसण्याइतकी ती सुसंस्कृत आहेत. मग ती असे का विचारतात?

कारण ती मनातल्या मनात हिशेब करीत असतात. १९६१ च्या कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवडे दिली. २०१७ साली ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच आराखडा पुढे आला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानाला, संस्थेला तो लागू होतो. कामगार विम्याखाली येणाऱ्या स्त्रियांचे पैसे विमा महामंडळ देते. बाकी सर्वांचे अर्ध्या वर्षाचे वेतन एकट्या मालकाने द्यावयाचे. मोठ्या कंपनीला ते जड नाही. बारा माणसांच्या छापखान्याला किंवा बालवाडीला आहे. रजा चांगली आहे, आवश्यक आहे. परंतु तिचा सगळा भार ज्याने बाईला नोकरी दिली त्याच्यावर, आणि ज्याने दिली नाही तो मोकळा, अशी ही रचना आहे. यात नोकरी न देणाऱ्याला बक्षीसच ठेवलेले आहे.

ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कायदेमंडळात एका सभासदाने सांगितली होती. जुलै १९२८ मध्ये गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. लोककल्याण हे मुख्यतः सरकारचे काम असल्याने या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावयास हवा, हेही त्यांनी मान्य केले. मात्र स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकाला होत असल्याने त्यानेही आपला वाटा उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ चा मुंबईचा कायदा झाला, त्यात भार आला तो मालकावर. पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांतून, वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांतून, बायकांची संख्या ओसरत गेली. त्याला नवी यंत्रे, रात्रपाळीची बंदी अशी अनेक कारणे होती. त्यांत हा खर्चही एक होता. त्या बायकांना कोणी लग्नाची अट घातली नव्हती. त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या तेव्हा त्या जागी पुरुष घेतले गेले, इतकेच.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, बाळंतपणाच्या वेतनासाठी सर्व मालकांकडून, त्यांच्याकडे बायका कामाला असोत वा नसोत, थोडा थोडा हप्ता घ्यावा आणि उरलेला भाग सरकारने घालावा. म्हणजे पुरुषच ठेवणाऱ्या मालकाची बचत होणार नाही. दुसरी मागणी पुरुषांसाठी आहे. केंद्र सरकारच्या पुरुष नोकराला मूल झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते. खाजगी नोकरीत तर कायद्याने काहीच नाही. बापाला दोन-तीन महिन्यांची सक्तीची रजा द्या. सक्तीची म्हणते, कारण ऐच्छिक असेल तर तो घेणार नाही. मित्र हसतील म्हणून घेणार नाही. एकदा बापालाही रजेवर जावे लागले की मुलाखतीत 'लग्नाचे काय ठरले आहे' हा प्रश्न मुलांनाही विचारावा लागेल, किंवा कोणालाच विचारता येणार नाही. दोन्हींपैकी काहीही चालेल.

प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे राखून ठेवली आहेत, असे अध्यक्षमहाराज मघाशी म्हणाले. निवडसमित्यांवर बसणाऱ्यांपैकी कोणी आपल्या संस्थेतला या रजेचा खरा खर्च आकड्यांत सांगणार असतील, तर तो मला ऐकावयाचा आहे.